लिस्प भाषेतील गतिमान वेबपृष्ठरचना

वाचकाने मागणी केल्यावर, त्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीवरून, वेबपृष्ठाचा आराखडा लिस्प कुलातील संगणकभाषेत लिहिलेल्या आज्ञावलीकडून तयार करून घेण्याची पद्धती. जे पृष्ठ एकदा लिहून ठेवलेले असते व प्रत्येक वाचकास जसेच्या तसे पाठविले जाते, त्यास स्थिर पृष्ठ म्हणतात. जे प्रत्येक मागणीच्या वेळी नव्याने घडविले जाते, ते गतिमान पृष्ठ होय. रेल्वेगाडीच्या आरक्षणाची स्थिती, जमिनीचा सातबारा उतारा, बाजार समितीतील दिवसाचे भाव यांसारखी माहिती सतत बदलत असल्याने ती दाखविणारी पृष्ठे गतिमानच असावी लागतात. अशी पृष्ठे कोणत्याही संगणकभाषेत तयार करता येतात. तथापि लिस्पमधील पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, तीत पृष्ठ म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ न मानता एक वृक्षाकार रचना मानली जाते. या एका भूमिकेतून तिचे बहुतेक गुण आणि काही मर्यादाही उद्भवतात.

पार्श्वभूमी : लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आखली आणि १९६० मध्ये तिचे तात्त्विक विवेचन प्रसिद्ध केले. तिचा पहिला इंटरप्रिटर स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर सिद्ध केला. ‘सूचीचे संस्करण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. प्रारंभी ती मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात वापरली जात असे. पुढे तिच्या अनेक बोली निर्माण झाल्या. त्यांपैकी स्कीम (१९७५), कॉमन लिस्प (१९८४, अमेरिकन राष्ट्रीय मानक १९९४) व क्लोजर (२००७) या वेबपृष्ठांच्या संदर्भात महत्त्वाच्या आहेत.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये मांडली. वेबपृष्ठ एचटीएमएल या खूणभाषेत लिहिले जाते. मजकुराच्या प्रत्येक भागाभोवती कोनी कंसांतील दोन खुणा घातलेल्या असतात. पहिली खूण भागाचा आरंभ दाखविते व दुसरी अंत. एका भागाच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा असे भाग सामावलेले असतात. तक्त्यात ओळी असतात, ओळीत कोठे असतात आणि कोठ्यात मजकूर असतो. ब्राउझर या खुणा वाचून त्यांपासून आपल्या स्मृतीत एक वृक्ष रचतो व तो वृक्ष पडद्यावर मांडतो.

१९९३ नंतर मागणीनुसार पृष्ठ तयार करण्याच्या सोयी उपलब्ध झाल्या, तेव्हा बहुतेक आज्ञावलीकारांनी सोपा मार्ग पत्करला. पृष्ठ हा अखेर मजकूरच असल्याने मजकुराचे तुकडे एकापुढे एक जोडावयाचे व मधल्या रिकाम्या जागी बदलती माहिती भरावयाची, अशी ही रीत होती. पर्ल व पीएचपी या भाषांतील आज्ञावल्या प्रारंभी याच रीतीने लिहिल्या गेल्या. ही रीत शिकण्यास सुलभ आहे. परंतु तीत संगणकाच्या दृष्टीने पृष्ठाला रचना अशी उरत नाही. एखादी अंतखूण लिहावयाची राहिली किंवा चुकीच्या ठिकाणी पडली, तरी आज्ञावली ते ओळखू शकत नाही आणि दोष वाचकाच्या पडद्यावरच प्रकट होतो.

सूची आणि वृक्ष : लिस्पमधील प्रत्येक विधान कंसांत लिहिलेली एक सूची असते. सूचीचा पहिला घटक क्रियेचे नाव सांगतो व उरलेले घटक त्या क्रियेस पुरविलेली सामग्री असतात. सूचीच्या आत सूची येऊ शकत असल्याने लिस्पमधील आज्ञावली स्वतःच एक वृक्ष असते. शिवाय आज्ञावली आणि माहिती या दोहोंचे रूप एकच असल्यामुळे एक आज्ञावली दुसरीस माहितीप्रमाणे हाताळू शकते, तपासू शकते व नवी आज्ञावली रचूही शकते. वेबपृष्ठ हाही वृक्षच असल्याने तो लिस्पच्या सूचीत कोणतीही तोडमोड न करता उतरतो. खूणभाषेत प्रत्येक भागाचे नाव आरंभी व अंती असे दोनदा लिहावे लागते. सूचीत ते एकदाच लिहून कंस मिटविला की पुरते.

हे स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. नागपूर जिल्ह्यातील काटोल हे गाव संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बाजारात एका दिवशी आलेल्या फळांची आवक क्विंटलमध्ये व भाव दर क्विंटलला रुपयांत दाखविणारे पृष्ठ तयार करावयाचे आहे, असे मानू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत. वाचनाच्या सोयीसाठी आज्ञांची नावे मराठीत व अंक देवनागरीत दिले आहेत. अनेक आधुनिक लिस्प बोलींत देवनागरी नावे प्रत्यक्षातही चालतात.

(("संत्री"  ४१०  २६००)
 ("मोसंबी"  १३५  ३१००)
 ("लिंबू"  २०  ४५००))

एका नोंदीपासून तक्त्याची एक ओळ तयार करणारे फलन असे लिहिता येईल :

(फलन ओळ-रच (नोंद)
  `(ओळ (कोठा ,(पहिला नोंद))
       (कोठा ,(दुसरा नोंद))
       (कोठा ,(तिसरा नोंद))))

येथे दुसऱ्या ओळीच्या आरंभीचे उलटे अवतरणचिन्ह ‘पुढील सूची कार्यान्वित न करता जशीच्या तशी ठेवावी’ असे सांगते, तर स्वल्पविराम ‘एवढ्याच जागी गणन करून उत्तर बसवावे’ असे सांगतो. सरकारी कार्यालयातील छापील अर्जात मजकूर कायम असतो व टिंबांच्या ओळीवर अर्जदार आपली माहिती लिहितो, तशीच ही योजना आहे. भेद एवढाच की, येथे छापील मजकुराऐवजी रचना कायम असते. आता संपूर्ण पृष्ठाचे फलन पाहू :

(फलन पृष्ठ-रच (नोंदी)
  (जर (रिक्त? नोंदी)
      `(परिच्छेद "आज आवक नाही.")
      `(तक्ता ,@(प्रत्येकी ओळ-रच नोंदी))))

स्वल्पविरामापुढील ‘@’ या चिन्हामुळे मिळालेल्या सर्व ओळी सुट्या करून तक्त्याच्या सूचीत ओवल्या जातात. नोंदी तीन असोत वा तीनशे, फलन तेच राहते. नागपुरी संत्र्यांच्या अंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार होतात. मधल्या काळात आवक थांबली, तर रिकामा तक्ता दाखविण्याऐवजी हेच फलन एक साधे वाक्य दाखविते. म्हणजे बदलतात ते केवळ आकडे नव्हेत, पृष्ठाचा आराखडाही माहितीनुसार बदलतो. गतिमान पृष्ठरचना या संज्ञेचा खरा अर्थ हाच होय. येथे ‘जर’ आणि ‘प्रत्येकी’ या मूळ भाषेच्याच क्रिया आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. पृष्ठासाठी निराळी साचेभाषा शिकावी लागत नाही.

वृक्षाचे मजकुरात रूपांतर : अखेरीस ब्राउझरकडे मजकूरच पाठवावयाचा असतो. हे काम एकाच फलनाकडे सोपविले जाते :

(फलन छाप (घटक)
  (निवड
    ((मजकूर? घटक) (निर्धोक-लिही घटक))
    ((संख्या? घटक) (लिही घटक))
    ((सूची? घटक)
      (सुरुवातखूण (पहिला घटक))
      (प्रत्येकी छाप (उर्वरित घटक))
      (अंतखूण (पहिला घटक)))))

घटक मजकूर असेल तर तो निर्धोक करून लिहावा, संख्या असेल तर तशीच लिहावी आणि सूची असेल तर आरंभीची खूण लिहून, आतील प्रत्येक घटकावर हेच फलन पुन्हा चालवून, शेवटी अंतखूण लिहावी, असा याचा अर्थ आहे. अशा स्वतःस पुन्हा बोलावणाऱ्या फलनास पुनरावर्ती फलन म्हणतात. अंतखूण लिहिण्याचे काम एकाच जागी व नियमाने होत असल्याने ती विसरली जाण्याचा अथवा चुकीच्या जागी पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

सुरक्षितता : ‘निर्धोक-लिही’ ही क्रिया क्षुल्लक वाटली, तरी तिच्यावर बरेच काही अवलंबून असते. पृष्ठात दिसणारा मजकूर पुष्कळदा बाहेरच्या व्यक्तीने लिहिलेला असतो. त्यात कोनी कंस आला, तर ब्राउझर त्यास मजकूर न समजता खूण समजतो. अशा मजकुरात कोणी हेतुपुरस्सर आज्ञा दडविल्या, तर त्या पृष्ठ पाहणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतात. या मार्गाने वाचकाची ओळखखूण चोरता येते किंवा पृष्ठावरील भाव बदलून दाखविता येतात. यावर उपाय म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातील अशा चिन्हांऐवजी त्यांची सांकेतिक रूपे लिहिणे. मजकूर जोडण्याच्या रीतीत खूण व मजकूर यांतील भेद जोडणीनंतर नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी ही दक्षता आज्ञावलीकारास आठवणीने घ्यावी लागते. वृक्षाच्या रीतीत सूची म्हणजे खूण आणि अवतरणातील शब्द म्हणजे मजकूर हा भेद अखेरपर्यंत टिकतो. त्यामुळे ही दक्षता ‘छाप’ फलनात एकदाच घेता येते.

तथापि केवळ लिस्प वापरल्याने पृष्ठ आपोआप सुरक्षित होते, असे समजणे योग्य नाही. कॉमन लिस्पमधील सीएल-हू या आज्ञासंग्रहात मजकूर निर्धोक करण्याची सूचना आज्ञावलीकारास स्वतः द्यावी लागते. क्लोजरमधील हिकप या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीतही तसेच होते. दुसऱ्या आवृत्तीत मात्र मजकूर निर्धोक करणे हा सामान्य नियम झाला व तसाच सोडणे हा अपवाद ठरला. रचनेमुळे सुरक्षितता शक्य होते. ती प्रत्यक्षात आणण्याचा निर्णय संग्रहाच्या कर्त्यास घ्यावा लागतो.

मॅक्रो : प्रत्येक मागणीच्या वेळी संपूर्ण वृक्ष रचून तो छापण्यात वेळ जातो. लिस्पमधील मॅक्रो या सोयीने हा वेळ पुष्कळ वाचविता येतो. मॅक्रो म्हणजे आज्ञावली चालण्यापूर्वी तिचेच रूप पालटणारी आज्ञावली. वरील उदाहरणात तक्त्याच्या व कोठ्यांच्या खुणा कधीच बदलत नाहीत. बदलते ती केवळ स्वल्पविरामापुढील माहिती. मॅक्रो हा भेद आधीच ओळखून न बदलणारा सर्व भाग तयार मजकुरात रूपांतरित करून ठेवतो. परिणामी लिहिताना वृक्षाची सोय व चालविताना मजकूर जोडण्याची गती असे दोन्ही लाभ मिळतात. सीएल-हू याच तत्त्वावर आधारलेला आहे.

आराखडा आणि मांडणी : पृष्ठाचे कोणते भाग कोणाच्या आत असावेत, हे आज्ञावली ठरविते, ते भाग पडद्यावर कोठे व किती रुंदीचे दिसावेत, हे शैलीसूचनांनुसार ब्राउझर ठरवितो. या सूचनांची सीएसएस ही भाषा हाकोन व्हियूम ली यांनी १९९४ मध्ये सुचविली व तिचे पहिले मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ओळी व स्तंभ यांची जाळीदार मांडणी करण्याची सोय प्रमुख ब्राउझरांत २०१७ मध्ये आली. त्यामुळे तोच वृक्ष रुंद पडद्यावर तक्त्याच्या रूपात, तर भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर एकाखाली एक चौकटींच्या रूपात दाखविता येतो. क्लोजरमधील गार्डन या संग्रहाने शैलीसूचनाही लिस्पच्याच रूपात लिहिता येतात. लिस्प कुलातील भाषेने मांडणी करण्याचा प्रयत्न वेबपुरता मर्यादित नव्हता. दस्तऐवजांच्या मांडणीसाठी १९९६ मध्ये मान्य झालेले डीएसएसएसएल हे आंतरराष्ट्रीय मानक स्कीम या बोलीवर आधारलेले होते. त्याची जागा पुढे खूणभाषेच्या वळणाच्या एक्सएसएल या भाषेने घेतली.

देवनागरी मजकुरासंबंधीची दक्षता : मराठी पृष्ठे तयार करताना काही विशेष अडचणी येतात. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मुख्य गट राखलेला आहे. यूटीएफ-८ या सांकेतिक रूपात त्यातील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. पृष्ठाची लांबी ब्राउझरला बाइटांत कळवावयाची असते. ती चिन्हांत मोजल्यास मराठी पृष्ठ अर्ध्यावरच तुटते. दुसरे असे की, ‘क्षि’ हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर असले, तरी संगणकात ते क, हलन्त, ष व वेलांटी अशा चार चिन्हांचे बनते. अरुंद कोठ्यात मावावे म्हणून शीर्षक ठराविक चिन्हसंख्येवर तोडले, तर जोडाक्षर मध्येच भंगते व लोंबकळता हलन्त दिसतो. म्हणून शीर्षक आखूड करण्याचे फलन अक्षराची सीमा ओळखणारे असावे लागते. गावांची वा वाणांची नावे अनुक्रमाने लावतानाही मराठी वर्णक्रमात ‘क्ष’ व ‘ज्ञ’ शेवटी येतात, हे ध्यानात ठेवावे लागते. चिन्हांच्या केवळ संकेतांकांवरून लावलेला क्रम तसा नसतो. पृष्ठ हे वृक्षरूप असले, तरी या अडचणी वृक्षाच्या पानांवरील मजकुरात असल्याने त्यांचे निराकरण स्वतंत्रपणेच करावे लागते.

विकास : वेबच्या आरंभकाळीच, १९९४ मध्ये, मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जॉन मॅलरी यांनी सीएल-एचटीटीपी हा कॉमन लिस्पमधील सर्व्हर तयार केला. १९९५ मध्ये पॉल ग्रॅहम व रॉबर्ट मॉरिस यांनी व्हायावेब ही सेवा सुरू केली. दुकानदारांना ब्राउझरमधूनच स्वतःच्या दुकानाची पृष्ठे रचता यावीत, हा तिचा हेतू होता व तिचा पृष्ठरचनेचा भाग कॉमन लिस्पमध्ये होता. १९९८ मध्ये याहू या कंपनीने ही सेवा विकत घेतली. पुढे याहूने तिची पुनर्रचना सी++ व पर्ल या भाषांत केली.

ख्रिस्तियाँ केनेक यांनी २००० मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. वाचक पृष्ठ पाहत असताना आज्ञावली थांबलेली असते व त्याने पुढील दुवा दाबला की ती पुन्हा चालू होते. ही थांबलेली अवस्था स्कीममध्ये ‘उर्वरित गणन’ म्हणून साठविता येते. त्यामुळे वाचक मागील पृष्ठावर परतला तरी गोंधळ होत नाही. मात्र अशा अवस्था सर्व्हरच्या स्मृतीत साठत जातात व काही काळाने टाकून द्याव्या लागतात. आर्क या लिस्प बोलीत लिहिलेल्या, २००७ मध्ये सुरू झालेल्या हॅकर न्यूज या संकेतस्थळावर जुना दुवा दाबणाऱ्यास ‘दुव्याची मुदत संपली’ अशा अर्थाचा संदेश दिसत असे, तो याच कारणाने.

रिच हिकी यांच्या क्लोजर या बोलीमुळे या पद्धतीस नवे बळ मिळाले. जेम्स रीव्ह्ज यांच्या हिकप संग्रहाने पृष्ठ लिहिण्याचा संक्षिप्त प्रघात रूढ केला. २०११ मध्ये आलेल्या क्लोजरस्क्रिप्टमुळे तीच भाषा ब्राउझरमध्येही वापरता येऊ लागली. फेसबुकने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रिअॅक्ट या संग्रहात माहिती बदलली की नवा वृक्ष रचावयाचा, तो जुन्या वृक्षाशी ताडून पाहावयाचा व भेद असेल तेवढाच भाग पडद्यावर बदलावयाचा, अशी योजना होती. क्लोजरमधील सूची एकदा तयार झाल्यावर बदलत नसल्याने एखादी शाखा तीच आहे की नाही, हे आतील मजकूर न तपासता कळते व ताडणी जलद होते. डेव्हिड नोलेन यांनी ओम या संग्रहात ही गोष्ट दाखवून दिली. महाराष्ट्रात पुण्यातील हेल्पशिफ्ट या कंपनीने आपल्या ग्राहकसाहाय्य सेवेच्या उभारणीत क्लोजरचा मोठ्या प्रमाणावर वापर केला.

मूल्यमापन : या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. लिस्प जाणणारे आज्ञावलीकार तुलनेने थोडे असतात. त्यामुळे मूळ कर्ता निघून गेल्यावर आज्ञावली सांभाळणे संस्थेस जड जाऊ शकते. पृष्ठाची सजावट करणाऱ्या चित्रकारास खूणभाषा परिचित असते, कंसांच्या सूची नसतात. रचना व गणन एकाच भाषेत असल्याने ते एकमेकांत गुंतण्याचा धोकाही असतो. वरील उदाहरणात ‘पृष्ठ-रच’ फलनातच भावाची सरासरी काढू लागल्यास ही गुंतागुंत सुरू होते. म्हणून माहिती मिळविणे, तिच्यावर गणन करणे व वृक्ष रचणे ही कामे वेगवेगळ्या फलनांत ठेवणे इष्ट असते.

तथापि पृष्ठ हा मजकूर नसून रचना आहे, हा विचार लिस्पच्या सीमा ओलांडून गेला आहे. रिअॅक्टबरोबर आलेल्या जेएसएक्स या लेखनपद्धतीत जावास्क्रिप्टच्या आतच पृष्ठाचा वृक्ष लिहितात व मजकूर निर्धोक करणे तेथे सामान्य नियम आहे. लिस्पचे नावही न ऐकलेले असंख्य आज्ञावलीकार यामुळे तिच्याशी मिळत्याजुळत्या रीतीने पृष्ठे रचतात. बाजारभाव पाहणाऱ्या बागायतदारास आपल्यापुढील तक्ता कोणत्या भाषेने घडविला हे कळण्याचे कारण नसते. परंतु त्याला दिसणारी ओळ पूर्ण असावी, आकडा योग्य कोठ्यात पडावा आणि त्यात इतर कोणाचा हस्तक्षेप नसावा, यांची खात्री देणे ज्या रचनेमुळे सुकर होते, ती लिस्पच्या सूचीत प्रारंभापासूनच अभिप्रेत होती.